मुहूर्ताची गाडी आणि बाकीच्या दहा

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाजार उघडला त्या दुपारी आबांचा फोन आला. "अरे, कांदा पाच हजार निघाला म्हणे! ग्रुपवर फोटो आलाय, ट्रॉलीला हार घातलेला." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ट्रॅक्टर भरला, सकाळच्या लिलावाला रांगेत उभे राहिले आणि बाराशेची पावती घेऊन घरी आले. चपला काढता काढता म्हणाले, "सगळं खोटं छापतात."

खोटं कुणीच छापलं नव्हतं. पाच हजारांचा भाव खरोखर निघाला होता, पण एका गाडीला. नव्या लाल कांद्याच्या मुहूर्ताची पहिली गाडी व्यापारी हौसेनं, मानपान म्हणून चढ्या बोलीत घेतात. हार तिलाच, पेढे तिलाच, फोटोही तिचाच. बाराशेच्या गाडीचा फोटो कोण काढणार?

आबांना हवा होता तो आकडा वेगळाच होता: आपल्यासारख्याच्या मालाला साधारण काय मिळेल? हा 'साधारण' शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याचे तीन-चार वेगवेगळे अर्थ होतात हे ध्यानातच येत नाही. शाळेत ते शिकवलेले असतात. मध्य, मध्यक, बहुलक. दहावीच्या बीजगणितात शेवटी शेवटी येणारा, हमखास मार्क देणारा आणि परीक्षेनंतर हमखास विसरला जाणारा धडा. ढीगभर आकडे समोर असताना त्यांचं वर्णन दोन-चार आकड्यांत कसं करायचं, एवढाच त्याचा विषय. पुढं काय होईल ते हे शास्त्र सांगत नाही आणि काही सिद्धही करत नाही. समोर जे आहे ते थोडक्यात सांगतं. पण थोडक्यात सांगताना काय गाळलं, तिथंच सगळी गंमत आहे.

समजण्यापुरती एक छोटी यादी घेऊ. हे आकडे मी मांडलेले आहेत, कुठल्या बाजाराचे नाहीत. लिलावात अकरा गाड्या आल्या. क्विंटलचे भाव चढत्या क्रमानं लिहिले:

३००, ४५०, ७००, ११००, ११५०, १२००, १२००, १२००, १२५०, १३००, ५०००.

शेवटची गाडी मुहूर्ताची. आता सरासरी काढा, म्हणजे शाळेतला 'मध्य'. बेरीज १४,८५०, भागिले ११, आले १३५०. गणित बिनचूक आहे. पण यादी पुन्हा पाहा. अकरापैकी दहा गाड्या या सरासरीच्या खाली आहेत! १३५० हा भाव त्या दिवशी एकाही शेतकऱ्याला मिळालेला नाही.

सरासरी म्हणजे खरं तर समान वाटणी. सगळ्यांचे पैसे एका टोपल्यात टाकून सारखे वाटले तर प्रत्येकाच्या हाताला काय येईल, तो आकडा. पण बाजारात कुणी असं वाटून घेत नाही. मुहूर्तवाला आपले पाच हजार खिशात घालून निघून जातो आणि बाकीच्या दहांच्या नावावर मात्र त्याच्यातले थोडे थोडे कागदोपत्री चढतात. ती एक गाडी यादीतून काढली तर उरलेल्या दहांची सरासरी ९८५ वर येते. एका गाडीनं ३६५ रुपयांचा फरक पाडला.

मध्यकाचं तसं नाही. शाळेत पीटीच्या तासाला उंचीप्रमाणे उभं करायचे, तशा गाड्या भावाप्रमाणे ओळीत लावायच्या आणि बरोबर मधली पाहायची. अकरांत सहावी. भाव १२००. पाच गाड्या अलीकडे, पाच पलीकडे. मुहूर्ताची गाडी काढून टाकली तर दहा उरतात, मधे दोन येतात, ११५० आणि १२००, आणि त्यांच्यामधला आकडा ११७५. म्हणजे मध्यक फक्त पंचवीस रुपयांनी हलला. आणखी एक करून पाहा: नोंद करणाऱ्याच्या हातून एक शून्य जास्त पडलं आणि ५००० चे ५०,००० झाले. सरासरी एकदम ५४४१ होते. मध्यक मात्र जागचा हलत नाही. शेवटच्या गाडीचा भाव किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ती शेवटी उभी आहे एवढं त्याला पुरतं. पगार, घरांच्या किमती, जमिनीचे भाव अशा ठिकाणी, जिथं चार-दोन माणसं बाकीच्यांच्या कितीतरी पुढं असतात, तिथं मी सरासरी ऐकली की आधी मध्यक विचारतो. बहुतेक वेळा सांगणाऱ्याकडे तो नसतो.

तिसरा बहुलक, म्हणजे जास्तीत जास्त वेळा आलेला आकडा. आपल्या यादीत १२००, तीन वेळा. पुस्तकात हा तिघांमधला सगळ्यात बापुडा वाटतो, पण बाजार त्याच्यावरच चालतो. कासाराचं दुकान आठवा. बांगड्यांची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दिवसभरात आलेल्या बायकांच्या मापांची सरासरी काढून त्यानं माल भरला, तर त्या मापाचा हात एकीचाही नसेल. त्याला कळायला हवं ते एवढंच की सगळ्यात जास्त खपतं कुठलं माप.

बाजार समित्यांचे रोजचे तक्ते नीट पाहिलेत तर त्यात आवक असते आणि पुढं तीन रकाने: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. या तिसऱ्या रकान्याला केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर, अ‍ॅगमार्कनेटवर 'मोडल प्राइस' म्हणतात. मोडल म्हणजे बहुलक. जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला तो भाव. तो पेपरात येतो तेव्हा मथळ्यात 'सरासरी' होऊन येतो, आणि आपणही तसाच वाचतो. मला विचाराल तर 'सर्वसाधारण' हा शब्द फार नेमका आहे. त्याला सरासरी म्हणून आपण एक चांगला आकडा गढूळ करतो.

आता बहुलकाची एक अडचण. लिलावात बोली गोल आकड्यांत थांबत नाही. १२११, १२५१, ११८५ अशी कुठंही तुटते. दोनशे गाड्यांत नेमका एकच भाव दहादा यायचा नाही. मग गट पाडावे लागतात: १००० ते ११००, ११०० ते १२००, आणि प्रत्येक गटात किती गाड्या पडल्या ते मोजायचं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, हमाल गोण्या मोजताना मारतात तशी. पुस्तकात यांना ताळ्याच्या खुणा म्हणतात आणि तयार झालेल्या तक्त्याला वारंवारता सारणी. ती सारणी आडवी करून पाहिली की रेघांचा डोंगर दिसतो, आणि डोंगराचा आकार कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

आपल्याच यादीचा पाहा. एक ढीग ११०० ते १३०० च्या दरम्यान. एक एकटी गाडी पार पाच हजारांवर. आणि ३००, ४५०, ७०० अशा तीन गाड्या खाली वेगळ्याच पडलेल्या. या तीन कशा आल्या? कांद्यातला माणूस लगेच सांगेल, ही गोल्टी, म्हणजे बारीक कांदा असणार, नाहीतर भिजलेला माल. म्हणजे मुळात ही एका जिनसाची यादीच नाही. दोन प्रतींचा माल आणि एक मानाची गाडी आपण एकाच रकान्यात लिहिली आणि मग सरासरी, मध्यक करत बसलो. डोंगराला दोन शिखरं दिसली की भागाकार थांबवावा आणि आधी प्रतवारी करावी. शेतकरी खळ्यावर हे काम न सांगता करतो. आकडे घेऊन बसलेली शिकली-सवरलेली माणसं मात्र विसरतात.

एक गोष्ट अजून राहिली, वजन. मी गाड्या मोजल्या, पण सगळ्या गाड्या सारख्या भरलेल्या नसतात. समजा खालच्या तीन पिकअप होत्या, प्रत्येकीत दहा क्विंटल. मधल्या सात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, प्रत्येकी पंचवीस क्विंटल. मुहूर्ताच्या गाडीत नावापुरता पाच क्विंटल. आता भाव गुणिले वजन करून एकूण रुपये काढा: २,४९,५००. एकूण माल २१० क्विंटल. भागाकार ११८८. याला भारित सरासरी म्हणतात. मघाची १३५० ची सरासरी हवेत होती, ही जमिनीवर आली, कारण पाच क्विंटलला पाच क्विंटलएवढंच मत मिळालं. टक्क्यांच्या सरासऱ्या काढताना ही चूक फार होते. एका तुकडीचा निकाल ९० टक्के, दुसरीचा ५०, म्हणून शाळेचा ७० असं होत नाही. पहिल्या तुकडीत दहा मुलं आणि दुसरीत साठ असतील तर शाळेचा निकाल ५६ टक्क्यांच्याही खाली जातो.

इथवर सगळं 'मधला आकडा कुठला' याबद्दल झालं. आबांचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता. ते म्हणाले, "बाराशे मिळतात तर बाराशे. पण उद्या गेलो तर बाराशेच मिळतील का?"

दोन बाजार घ्या. पहिल्यात पाच गाड्या: ११००, ११५०, १२००, १२५०, १३००. दुसऱ्यात ४००, ८००, १२००, १६००, २०००. दोन्हीकडे सरासरी १२००, मध्यक १२००. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतील. पण पहिल्या बाजारात डोळे मिटून माल न्यावा, दुसऱ्यात जाताना देवाचं नाव घ्यावं. हा फरक दाखवणाऱ्या आकड्याला पसरणीचं माप म्हणतात. सगळ्यात सोपं माप, कमालमधून किमान वजा, म्हणजे विस्तार: पहिल्याचा २००, दुसऱ्याचा १६००. सोपं आहे, पण ते फक्त दोन टोकांच्या गाड्यांवर ठरतं. आपल्या अकरा गाड्यांचा विस्तार ४७०० येईल, आणि त्यातला बहुतेक सगळा मुहूर्ताच्या हाराचा.

म्हणून टोकं सोडून मधला अर्धा भाग पाहायची पद्धत आहे. ओळीतली चौथाईवरची गाडी आणि पाऊणवरची गाडी. अकरांत तिसरी आणि नववी: ७०० आणि १२५०. मधल्या निम्म्या गाड्या या दोन भावांच्या दरम्यान. यांना चतुर्थक म्हणतात. मला स्वतःला हे माप सगळ्यात आवडतं, कारण ते बाजारच्या भाषेत जसंच्या तसं सांगता येतं: "सातशे ते साडेबाराशेच्या मधे सुटेल बघ."

पुस्तकांचं आवडतं माप मात्र प्रमाण विचलन. नाव ऐकून धसका घेण्यासारखं त्यात काही नाही. दुसऱ्या बाजारातली प्रत्येक गाडी बाराशेपासून किती लांब आहे ते लिहा: उणे ८००, उणे ४००, ०, ४००, ८००. यांची बेरीज शून्य येते. येणारच, सरासरी ही तोल साधणारीच जागा. म्हणून उणे घालवण्यासाठी वर्ग करायचे: ६,४०,०००, १,६०,०००, ०, १,६०,०००, ६,४०,०००. बेरीज सोळा लाख. पाचानं भागून ३,२०,०००. वर्ग केले होते म्हणून आता वर्गमूळ: साधारण ५६६. पहिल्या बाजाराचं असंच काढलं तर साधारण ७१. तक्त्यात '१२००, विचलन ७१' आणि '१२००, विचलन ५६६' असं लिहिलं की ते दोन बाजार पुन्हा वेगळे दिसायला लागतात. (एक्सेलमध्ये करून पाहिलंत आणि उत्तर थोडं जास्त आलं तर घाबरू नका. त्यातलं एक सूत्र पाचाऐवजी चारानं भागतं. समोरच्या गाड्या म्हणजे पूर्ण बाजार नसून त्याचा नमुना आहे असं ते धरतं.)

पसरण विसरली की काय होतं याचं मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. दोन्हींची सरासरी काढली तर ५०८ च्या वर जाते. पण तेवढा पाऊस दोन्हींपैकी कुठल्याच वेधशाळेनं पाहिला नाही. राज्याच्या पातळीवर हेच दर पावसाळ्यात होतं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मराठवाड्यात सातशेच्याही आत, आणि बातमी येते की राज्यात सरासरीइतका पाऊस झाला. हवामान खातं देशासाठी 'सर्वसामान्य मान्सून' म्हणतं तेव्हा जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असतो. १९७१ ते २०२० या वर्षांवरून ती सरासरी ८७ सेंटिमीटर धरली आहे. चार महिन्यांचा पाऊस पंधरा दिवसांत कोसळला आणि बाकी कोरडं गेलं, तरी टक्केवारी शंभर येऊ शकते. पेरणी करणाऱ्याला त्या शंभराचा काय उपयोग?

सरासरी आणि पसरण यावरून आपल्याकडे एक मोठा, खरोखरचा वाद झालेला आहे. दोन्ही बाजूंना मराठी माणसं होती आणि प्रश्न होता देशातल्या उपाशी माणसांच्या मोजणीचा. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी दारिद्र्याची मोजणी मांडली. माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, असा त्यांचा निकष. त्या हिशेबानं १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. त्यावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातले, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षं काम करून पुण्याला परतलेले. त्यांचा मुद्दा असा: निरोगी माणसांची गरजही सारखी नसते, आणि एकाच माणसाची भूकही दिवसागणिक कमी-जास्त होते. २२५० ही जर गरजेची सरासरी असेल, तर धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसांपैकीही निम्मी तिच्या खालीच असणार. त्या सगळ्यांना अर्धपोटी कसं म्हणायचं? रेषा सरासरीवर न ओढता तिच्यातून दोन प्रमाण विचलनं वजा करून ओढा, असं त्यांचं म्हणणं.

दोनच का? निसर्गातली बरीच मापं घंटेच्या आकाराच्या डोंगरात बसतात, आणि अशा डोंगरात सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन विचलनांच्या आत सुमारे ९५ टक्के माणसं येतात. त्याच्याही खाली कुणी गेलं तर ते नुसतं कमी भूक असण्यामुळं असेल ही शक्यता फारच थोडी. समजा विचलन सरासरीच्या १५ टक्के धरलं, तर २२५० ची रेषा १५७५ वर येते. एका वजाबाकीत कोट्यवधी माणसं रेषेच्या या बाजूची त्या बाजूला जातात! दांडेकरांनी उत्तर दिलं की आमची रेषा दारिद्र्याची आहे, कुपोषणाची नाही, दोन्हींची सरमिसळ करू नका. या वादात मला पूर्णपणे कुणा एकाच्या बाजूनं जाता येत नाही. सुखात्म्यांचं गणित पटतं, पण दोन विचलनांखालच्याच माणसाला उपाशी म्हणायचं यात काहीतरी टोचतं. एवढं मात्र खरं, की दोघंही प्रमाण विचलन हे पाठ्यपुस्तकातलं सूत्र म्हणून वापरत नव्हते. त्याच्यामागं ताट होतं.

जाता जाता पर्सेंटाइल, कारण दर वर्षी सीईटीच्या निकालानंतर घराघरांत हा गोंधळ होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी साधारण नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ती रांगेतली जागा आहे. पेपर अवघड असेल तर निम्मे गुण मिळवूनही माणूस ९५ पर्सेंटाइलला बसतो. मध्यक म्हणजे पन्नासावा पर्सेंटाइल, चतुर्थक म्हणजे पंचविसावा आणि पंचाहत्तरावा. सगळी एकाच रांगेतली माणसं.

या वेळी सुट्टीत गेलो तेव्हा आबांनी उन्हाळ कांद्याच्या वर्षभराच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून ओसरीवर पसरल्या. चौदा होत्या. मी मोबाइल काढला, तर म्हणाले थांब. स्वतःच भावाप्रमाणे ओळीत लावल्या, मधल्या दोन उचलून बाजूला ठेवल्या आणि आकडा मला वाचायला दिला. मग त्यांची नजर ओळीच्या पहिल्या पावतीवर गेली. तीनशे. बाकी एकही नऊशेच्या खाली नव्हती.

"ही काढून टाकू का?" मी विचारलं. सगळ्यांत वेगळी पडलेली नोंद पाहिली की हात आधी तिच्याकडंच जातो.

"कशाला काढतोस? ती कांद्याच्या चाळीच्या वायव्येच्या कोपऱ्यातली गाडी. वरचा पत्रा उचकटलाय तिथं, आत सगळं भिजलं होतं." त्यांनी ती पावती पुन्हा ओळीत ठेवली, तारीख बघितली आणि काकूला हाक मारून विचारलं, पत्रेवाल्याचा नंबर कुठं लिहून ठेवलाय.